दहावीच्या पोरांचं करिअर प्लॅनिंग कसं करायचं: शाखा सगळ्यात शेवटी ठरवा

दहावीचा निकाल लागला की त्याच दुपारपासून फोन सुरू होतात. सर ८१ पडलेत, काय घेऊ? सर ५४ आहेत, आता कसं? मी तालुक्याच्या गावात नववी-दहावीला शिकवतो, वर्गशिक्षक असल्यामुळे हे सगळं माझ्याच गळ्यात येतं, पण खरं सांगू का, त्या दिवशी या प्रश्नाला धड उत्तर देताच येत नाही. हातात फक्त टक्के असतात आणि टक्क्यांवरून एवढंच कळतं की कुठल्या कॉलेजच्या लिस्टला नाव लागेल. पोराला काय जमतं, घरचं बजेट किती, दाखले काढलेत का, यातलं काहीच नक्की नसतं. म्हणून हे लिहितोय. शिक्षक असाल, आईबाप असाल, नाहीतर घरात पहिल्यांदा कॉलेजला गेलेले ताई-दादा असाल (बऱ्याच घरांत हे काम तेच करतात), तर नववीच्या दिवाळीपासून काय काय करायचं ते. माझा क्रम ठरलेला आहे, आधी काम, मग रस्ता, मग पैसे आणि कागदपत्रं, आणि सायन्स-कॉमर्स-आर्ट्स सगळ्यात शेवटी.

तर सुरुवात. "मोठेपणी कोण होणार" हे विचारू नका. उत्तरं पाठ असतात, कलेक्टर, डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस. पोरांनी ऐकलेली कामंच तेवढी आहेत, त्यांचा काय दोष. मी एक फुलस्केप देतो आणि सांगतो की एसटी स्टँडपासून बाजारपेठेच्या टोकापर्यंत चालत जा आणि कोण कशाचे पैसे कमावतंय ते लिहून आण, पाटीवरचं दुकानाचं नाव नको, आतल्या माणसाचं काम पाहिजे. पहिल्या वेळी किराणा, मेडिकल, सलून, वडापाव असं दहा-बारा येतं. परत पाठवायचं. मग मेडिकलमधला फार्मासिस्ट वेगळा आणि औषधांच्या ऑर्डर घ्यायला येणारा वेगळा हे दिसायला लागतं, पतसंस्थेतला वसुलीवाला, जीएसटी भरून देणारा, लॅबमध्ये रक्त काढणारी ताई, मोबाईल टॉवरच्या मेंटेनन्सवाला, भूमी अभिलेखचा मोजणीवाला, शेततळ्याला कागद चिकटवणारा, ड्रोनने फवारणी करणारा. यादी साठ-सत्तरवर गेली की पोरगं स्वतःच म्हणतं, सर हे तर कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे पोरगं न सांगता काय करतं ते बघा. वर्गात एक मुलगा कायम मागच्या बाकावर, गणितात काठावर पास. बोलता बोलता कळलं की आसपासच्या विहिरींवरचे मोटरचे स्टार्टर बिघडले की त्यालाच बोलावतात. त्यानं मला फळ्यावर काढून दाखवलं की मोटर आधी स्टारवर का चालू करायची, स्पीड आल्यावर डेल्टावर का टाकायची, डायरेक्ट डेल्टावर टाकली तर करंट किती खेचते आणि फेज गेला की कॉइल कशी जळते. हे सगळं काकांच्या हाताखाली शिकलेलं. आणि घरचे म्हणत होते याला शहरात ठेवून अकरावी सायन्स करायचं! त्याचं पुढं काय झालं ते रस्त्याच्या भागात सांगतो.

टेस्टबद्दल लोक विचारतात. बोर्ड २०१६ पासून काही वर्षं दहावीला कल चाचणी घ्यायचं, शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं असायची, फुकट होती आणि बोलायला निमित्त म्हणून बरी होती. आता पैसे घेऊन टेस्ट करणारे गल्लोगल्ली झालेत. करायचीच असेल तर करा, पण रिपोर्ट म्हणजे निकालपत्र समजू नका, वीस पानं रंगीत छापून शेवटी "तुमचा पाल्य क्रिएटिव्ह आहे" एवढंच निघतं कधीकधी.

यादीतून पोरानं तीन कामं निवडली की ती प्रत्यक्ष बघायला पाठवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्याच्या ऑफिसात, वर्कशॉपमध्ये, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये दोन-तीन दिवस नुसतं बसायचं. ओळख नाही असं म्हणू नका, शाळेचे माजी विद्यार्थी कुठं कुठं असतात, ग्रुपवर एक मेसेज टाकला की तिघं-चौघं तयार होतात. जाताना पोराकडे प्रश्न लिहून द्या, पहिला पगार किती होता, आता किती, काय शिकून इथं आलात, आधी किती ठिकाणी प्रयत्न केले, या कामात कंटाळा कशाचा येतो. कंटाळ्याचा प्रश्न सोडायचा नाही. सीए व्हायचं म्हणणारी एक मुलगी मार्च अखेरीला ऑफिसात बसून आली, रात्री नऊपर्यंत व्हाउचर लावताना बघितली माणसं, आणि आल्यावर म्हणाली, "सर, मला हे आवडलं, पैसे जुळले की मस्त वाटतं." तिच्याबरोबर गेलेली मैत्रीण तीन तासांत परत आली होती. दोघींचंही काम झालं.

आता रस्ता. जे काम पसंत पडलं ते कागदाच्या तळाशी लिहा आणि उलटं वर मोजत या, त्याच्या आधी कुठला कोर्स, त्या कोर्सच्या आधी कुठली परीक्षा, त्या परीक्षेला बसायला बारावीत कुठले विषय लागतात, आणि मग दहावीनंतर काय. बहुतेक कामांना एकापेक्षा जास्त रस्ते असतात आणि लोकांना फक्त एक माहीत असतो.

इंजिनिअरिंगचंच घ्या. सगळ्यांना माहीत असलेला रस्ता म्हणजे बारावी सायन्स, सीईटी म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० आणि मॅथ्स १०० असे २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, साधारण २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं, आणि बारावीला त्या विषयांत ओपनला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के पाहिजेतच. दुसरा रस्ता दहावीनंतर पॉलिटेक्निक, तीन वर्षांचा डिप्लोमा, दहावीच्या मार्कांवर ॲडमिशन, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, सीईटी न देता. म्हणजे वर्षं दोन्हीकडे सहाच होतात, फरक एवढा की डिप्लोमावाल्याला मधेच नोकरी लागली तर तो थांबू शकतो, बारावीवाला मधे थांबला तर हातात फक्त बारावी. तिसरा रस्ता आयटीआयचा. इलेक्ट्रिशियन, फिटर असे दोन वर्षांचे ट्रेड केले की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आपला स्टार्टरवाला तिकडूनच गेला, आयटीआय इलेक्ट्रिशियन, मग एमआयडीसीत अप्रेंटिसशिप, हातात स्टायपेंड, आणि आता डिप्लोमा चालू आहे. घरच्यांना हे पटायला वेळ लागला, आयटीआय म्हणजे नापासांची जागा असं डोक्यात बसलेलं असतं. तुम्ही एकदा सरकारी आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनची कटऑफ दाखवा, गप्प होतात.

मेडिकलकडे पण तसंच. डॉक्टर म्हणजे नीट, ७२० मार्क, चुकलं की एक मार्क कापला, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण आरोग्य म्हणजे फक्त एमबीबीएस नाही, बी.एस्सी. नर्सिंग आहे, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा आहे, फिजिओथेरपी आहे, लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी आहे, बी.फार्म आणि डी.फार्म आहे. आणि नीटवाल्यांच्या पालकांना एक गोष्ट ठासून सांगा, मेडिकलच्या ८५ टक्के स्टेट कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. क्लासच्या नादात पोराची बारावी परराज्यात दाखवली तर डोमिसाइल म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी दाखला असूनही अडकायला होतं.

बाकीचं पटकन. शेतीची आवड असेल तर बी.एस्सी. ॲग्री, राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, ॲडमिशन सीईटीवर. चित्रकलेवाल्यानं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षा दहावीच्या आत उरकून घ्यावी, इंटरमिजिएटचे वाढीव मार्क दहावीला मिळतात आणि पुढं बीएफएला वेगळी सीईटी आहे. वकिली बारावीनंतर पाच वर्षांची, तिलाही सीईटी. बीबीए-बीसीए-बीएमएसला २०२४ पासून सीईटी लागली आहे, हे अजून अर्ध्या पालकांना माहीत नाही आणि फॉर्मची तारीख गेल्यावर धावाधाव होते. वर्दीचं वेड असलेल्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला एसपीआय ही सरकारी संस्था आहे, एनडीएची (सैन्यात अधिकारी व्हायची) तयारी आणि अकरावी-बारावी एकत्र, मुलींसाठी तशीच नाशिकला आहे, प्रवेश परीक्षा दहावीत असतानाच देतात. अग्निवीर चार वर्षांचं आणि त्यातले २५ टक्केच पुढं कायम होतात, हे पोराला स्पष्ट सांगा, ग्राउंड मारायला लागायच्या आधी.

आता त्या वाक्याबद्दल जे प्रत्येक घरात ऐकू येतं, "सायन्स घेऊन ठेव, सगळीकडे जाता येतं." अर्धं खरं आहे. बारावी सायन्सवरून कॉमर्सला, आर्ट्सला, लॉला जाता येतं, उलटं जाता येत नाही, हे बरोबर. पण ज्याला फिजिक्स नकोसं आहे तो दोन वर्षं क्लासची फी भरून ४८ टक्क्यांनी बारावी होतो आणि मग त्याच ४८ टक्क्यांवर बी.कॉम.ची ॲडमिशन शोधत फिरतो, जिथं कॉमर्सची पोरं ८० घेऊन उभी असतात. दार उघडं असतं हो, पण आत जायची ताकद राहत नाही. मी सरळ विचारतो, नववीचं सायन्सचं पुस्तक परीक्षा नसताना कधी उघडलंस का? आणि एक करून बघा, बालभारतीच्या साइटवर अकरावीची पुस्तकं फुकट मिळतात, दहावीची परीक्षा झाली की फिजिक्सचा एक धडा आणि अकाउंट्सचा एक धडा वाचायला द्या. मराठी मीडियमच्या पोरांना तर याचा डबल फायदा, कारण अकरावीत एकदम इंग्रजी शब्द अंगावर येतात, त्वरण म्हणजे ॲक्सेलरेशन हे कळायलाच दिवाळी उजाडते आणि हुशार पोरं पण "मला सायन्स जमत नाही" म्हणून बसतात, जमत नसतं ते इंग्रजी.

सायन्स ठरलंच तर आतला विषय पण बोलून घ्या. मॅथ्स सोडून बायो ठेवलं की इंजिनिअरिंग बंद, बायो सोडलं की मेडिकल बंद, दोन्ही ठेवले की ओझं. बायफोकल हा एक प्रकार असतो, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे २०० मार्कांचा विषय, त्याच्या बदल्यात दुसरी भाषा आणि एक विषय जातो, स्कोअरिंग असतो म्हणून लोक घेतात. आणि इंटिग्रेटेड. म्हणजे कॉलेज नावाला, दिवसभर क्लास. लातूर-नांदेडला पोरं कुठून कुठून येतात आणि काहींचं खरंच होतं, पण आमच्याकडच्या एका क्लासवाल्यानं पहिल्या महिन्यात दोन वर्षांची पूर्ण फी घेतली, पोरगं दिवाळीला परत आलं, पैसे काही परत आले नाहीत. इंटिग्रेटेडला टाकायचंच असेल तर फी हप्त्यानं आहे का आणि मधे सोडलं तर किती परत मिळतील हे लेखी घ्या. तोंडी "बघू ना, आपलंच आहे" चालत नाही.

पैशाचं बोलणं पोरासमोर करा. आपल्याकडे हे लपवतात आणि मग पोरगं प्रायव्हेट कॉलेज टाकून बसतं. कागदावर तीन आकडे लिहा, वर्षाची फी, रूम आणि मेस, येणं-जाणं, गुणिले वर्षं. मग कमी कशानं होईल ते बघा. महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता. एससीच्या ज्या पोरांना सरकारी होस्टेल मिळत नाही त्यांना स्वाधार, एसटीला स्वयंम, ओबीसी-व्हीजेएनटीला (भटके-विमुक्त) सावित्रीबाई फुले आधार योजना. मुलींसाठी मोठी गोष्ट २०२४-२५ पासून झाली, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसीतल्या मुली, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, व्यावसायिक कोर्सला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून ॲडमिशन, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही. आणि माफ होतं ते शिक्षण शुल्क, मेसचे पैसे नाहीत, हे बापाला आधीच सांगा नाहीतर "फुकट म्हणाला होतात" म्हणून दारात येतात. आठवीचं पोरगं घरात असेल तर एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्तीची परीक्षा सोडू नका, पास झालं आणि यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख.

आता कागदपत्रं, आणि इथं मी जरा लांबड लावणार आहे कारण मार्क असून ॲडमिशन गेलेली पोरं मी इथंच बघितली आहेत. सेतू केंद्रात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, सर्व्हर डाऊन असतो, तलाठी सापडत नाही. म्हणून दहावीच्या जानेवारीच्या आत अर्ज टाका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, ज्यांना लागू आहे त्यांना जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला (एससी-एसटीला हा लागत नाही). नॉन-क्रीमीलेयरवर मुदत लिहिलेली असते, ३१ मार्चला संपते, ती तारीख बघितल्याशिवाय फाईलमध्ये ठेवू नका. नीट-जेईईच्या ऑल इंडिया जागांसाठी ओबीसीचा सेंट्रल फॉरमॅटचा वेगळा दाखला लागतो आणि तो त्याच आर्थिक वर्षातला, राज्याचा चालत नाही.

जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो. एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्डमधला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा बघा, आत्याचं बघा, वडिलांकडची रक्ताची नाती चालतात, वंशावळ जोडायची. हे शोधायला दोन-तीन महिने सहज जातात. त्यानंतर व्हॅलिडिटी, म्हणजे जातपडताळणीचं प्रमाणपत्र. ती अकरावीच्या ॲडमिशनला अडत नाही पण बारावीनंतरच्या व्यावसायिक कोर्सला अडते, आणि पडताळणी समितीकडे फाईल अकरावीत असतानाच गेली पाहिजे.

आणि नाव. आधारवर एक, शाळेच्या रजिस्टरला एक, बापाच्या दाखल्यावर तिसरंच. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख बघून या. शाळा सोडल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या.

अकरावीचं ऑनलाइन २०२५ पासून सगळ्या राज्याला झालंय, गावच्या कॉलेजला पण फॉर्म तिथूनच. भाग एक माहितीचा, भाग दोन पसंतीचा, दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, म्हणून मित्रानं टाकलं म्हणून पहिला नंबर टाकायचा नाही. पहिली दोन-तीन जरा वरची, मधली आपल्या टक्क्यांची, खालची दोन नक्की लागणारी, आणि प्रत्येकाला रोज जायला एसटी आहे का ते बघून.

जे अडकले त्यांचं पण प्लॅनिंग असतं, त्यांना वाऱ्यावर सोडू नका. दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय मागून सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला जाता येतं, पुरवणी परीक्षा पावसाळ्यात होते, काही आयटीआय ट्रेडला दहावी नापास पण चालतात. निकालाच्या दिवशी त्या पोराला एकटं राहू देऊ नका, फोन तुम्ही करा.

पालकांशी बोलताना माझं एक ठरलंय, पोरासमोर वाद घालायचा नाही. "दादा, तुम्ही म्हणता सायन्स, ठीक आहे, पण या कागदावर पुढची पाच वर्षं लिहून द्या, फी कोण भरणार आणि सीईटी नाही निघाली तर काय." बहुतेक वेळा लिहिता लिहिताच आवाज खाली येतो. कधी नाही पण येत. मग मी म्हणतो बरं, फॉर्ममध्ये डिप्लोमाचा अर्ज पण भरून ठेवू, पैसे थोडेच जातात, तारखा वेगळ्या असतात.

ॲडमिशन झाली की काम संपलं असं समजू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रत्येकाला एक फोन करा. वर्गात कळतंय का, की फक्त बसतोय? शाखा बदलायची असेल तर तेव्हाच कॉलेजला विचारायचं, चाचणी परीक्षा झाल्यावर कुणी दारात उभं करत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का, व्हॅलिडिटीचा प्रस्ताव दिला का ते विचारा, आणि पावतीचा फोटो मागून घ्या, कारण पोरं "हो सर, दिला" म्हणतात आणि फाईल दप्तरातच असते.